नऊशे चाळीस थापा

बसा साहेब, बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय मोडका आहे. इकडं पंख्याखाली या.

तुम्ही तीन विमानं बदलून मिरजेला कशासाठी आलात ते मला ठाऊक आहे. तुमच्या बॅगेत एक कागद आहे. त्यावर लिहिलंय, कस्तुरी उमेश हंकारे, काळजी व्हिसावर आलेली नर्स, हिनं वृद्धाश्रमातल्या एका ब्याण्णव वर्षांच्या माणसाला एका संध्याकाळी नऊशे चाळीस वेळा मारलं. उद्या तुम्ही त्याच्याखाली सही केलीत की तिचा व्हिसा गेला. नुसता व्हिसा गेला तर जाऊ दे म्हणलं असतं. पण तिच्या नावापुढं 'मारहाण' लागलं की इथलंसुद्धा कुठलं हॉस्पिटल तिला दारात उभं करणार नाही. ती माझी सून आहे. बरोबर बोलतोय ना?

मान हलवलीत. म्हणजे कानातला पोपट, तो भाषांतर करणारा, चालू आहे तुमचा. त्याला सांगा, हा म्हातारा चौथी शिकलेला, तीस वर्षं टेम्पो चालवलेला, ह्याचं बोलणं खडीच्या रस्त्यासारखं. जरा सावकाश चालव म्हणावं. मी तुम्हाला सगळी हकीकत सांगतो, पहिल्यापासून. ती माझ्यावरच येऊन पडणार आहे, मला माहीत आहे. पण पुरती ऐका, मधे पेन काढायचं नाही.

आता हा व्हिसा हातावर का मिळतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण मला कसं समजलंय ते ऐका, चुकलं तर सांगा.

तुमच्याकडं म्हातारी माणसं लई झाली आणि बघणारी कमी. मग तुम्ही यंत्रं आणली. उचलणारं यंत्र, आंघोळ घालणारं यंत्र, गोळी तोंडात ठेवून पाणी पाजणारं यंत्र. सगळं वेळेवर, सगळं स्वच्छ. तरी माणसं जेवेनात. रोग नाही, ताप नाही, नुसती भिंतीकडं तोंड करून पडायला लागली. तेव्हा तुमच्या शास्त्रज्ञांनी त्यांच्या कातड्यात बघितलं.

कातड्यात म्हणे दोन जातीच्या तारा असतात. एक जलद. चटका बसला, काटा टोचला, की एक्सप्रेस गाडीसारखी खबर डोक्यात. दुसरी हळू. आमच्या साध्या पॅसेंजरसारखी, प्रत्येक स्टेशनावर थांबत जाणारी. ह्या हळू तारेला टोचलेलं कळत नाही, दाबलेलं कळत नाही. तिला एकच गोष्ट कळते. कोणीतरी कोमट हातानं, सावकाश, सेकंदाला दोन-तीन बोटांएवढ्या अंतरानं अंगावरून हात फिरवतंय. तेवढं झालं की ती डोक्यात खबर देते, पण 'कुठं शिवलं' त्या खात्यात नाही, 'बरं वाटतंय' त्या खात्यात. ती तार महिनोन्महिने गप्प राहिली की माणसाची भूक जाते.

हे तर जुनं आहे म्हणतात. नवीन काय, तर एक टोपी निघाली. ती डोक्यावर घातली, हातावर एक चकती चिकटवली, की ह्या हळू तारा किती बोलल्या ते यंत्र आकड्यात सांगतं. त्याला ऊब-अंक म्हणतात. आणि आकडा निघाला की सरकारं जागी होतात. तुमच्या सरकारनं ठरवलं, पदवी बघायची नाही, फाडफाड इंग्रजी बघायचं नाही, हात बघायचा. शंभरात सत्तर अंक, की व्हिसा.

मग इथं जे सुरू झालं ते विचारू नका. हाताचे क्लास निघाले. एका गल्लीत तीन-तीन पाट्या. नर्सिंगच्या पोरी भांडी घासायच्या बंद झाल्या, हाताला लोणी लावून बसायच्या. माझ्या मावसबहिणीनं तर मुलगी बघायला गेल्यावर "स्वयंपाक येतो का" विचारायच्या ऐवजी "अंक किती" विचारलं.

ह्यात मी कुठं आलो? मी साहेब, मापाचा माणूस.

हसू नका, खरंच तसं पद आहे. हात मोजायचा तर तो कोणाच्या तरी अंगावर फिरवायला पाहिजे ना! ज्याच्या अंगावर फिरवायचा त्याच्या तारा स्वच्छ बोलणाऱ्या पाहिजेत. वाण्याकडं किलोचं वजन असतं तसा माणूस. मी हॉस्पिटलच्या शिबिरात ब्लडप्रेशर बघायला गेलो होतो. तिथं डॉक्टर तृप्ती मगदूम चारशे लोकांची कातडी तपासत होत्या. माझ्या दंडाला चकती लावली आणि ओरडल्याच. "काका, कुठं लपला होतात इतके दिवस!" माझी बायको जाऊन आठ वर्षं झाली. ती असती तर म्हणाली असती, ह्यांचं कातडं गेंड्याचं, चांगलं तपासा.

तर रोज मी खुर्चीत बसायचो. डोळ्यावर पट्टी, कानात बोळे, डोक्यावर टोपी, हात आणि पाठ उघडी. एकेक उमेदवार यायचा, सहा मिनिटं हात फिरवायचा आणि जायचा. तोंड दिसायचं नाही, आवाज यायचा नाही, अंक मला कोणी सांगायचं नाही. दिवसाला बारा हात. साहेब, माणूस आंधळा-बहिरा करून ठेवला की त्याला हातच कळायला लागतात. कुणाचा हात परीक्षेला भ्यालेला, कुणाचा घरी भांडून आलेला. एक पोरगी होती, नंतर कळलं जतकडची, तिनं अशी काही मानेवरून बोटं चालवली की मला वाटलं आता हिच्यापुढं पाटीभर वैरण ठेवली की मी खाणार. म्हशीवर शिकलेला हात तो! पास झाली.

पण बाकीच्या पटापट नापास व्हायच्या. तिथून गोष्टीला तोंड फुटतं.

एके दिवशी मगदूम बाई कागद घेऊन आल्या. वैतागल्या होत्या.

"काका, दहा देशांत केंद्रं आहेत. सगळ्यात वाईट निकाल आपला. पोरी सहाही मिनिटं उत्तम हात फिरवतात. पंच्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर असा चढतो अंक. आणि शेवटच्या क्षणाला धाडकन खाली येतो. काय करतात त्या शेवटी?"

मी म्हणलं, "काय करणार? थोपटतात."

"म्हणजे?"

"अहो, हात फिरवून झाला की दोनदा-तीनदा थोपटतात. 'झालं हं, बरं वाटेल हं', तसं. सगळ्याच करतात. तुम्ही पण करता. मागच्या आठवड्यात मला खोकल्याची उबळ आली तेव्हा तुम्ही केलंत."

बाईंनी कागदावरच्या लाल रेघा बघितल्या. प्रत्येकीच्या शेवटी दोन-तीन लाल रेघा. "काका, यंत्र ह्याला आघात म्हणतं. एका आघाताला चार अंक वजा."

"आघात?" मी म्हणलं. "बाई, तुमच्या आईनं तुम्हाला आघात करून झोपवलं होय?"

बाई आधी हसल्या, मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. नंतर त्यांनी तुमच्या कमिटीला पत्र लिहिलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, नियम बदलणार नाही. कारणही लिहिलं होतं, आणि मी म्हणतो कारण खरं होतं. तुमच्याकडं एका आश्रमात पूर्वी एक माणूस म्हाताऱ्यांना मारायचा. पाच वर्षं कोणाला कळलं नाही. तेव्हापासून म्हाताऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या, प्रत्येकाच्या मनगटावर पट्टी आली आणि हात उचलून अंगावर पडला की तो मोजला जायला लागला. तुमची चूक नाही साहेब. एकदा घरात साप निघाला की दोरी बघूनपण माणूस उडी मारतो.

आता कस्तुरी.

माझ्या उमेशची बायको. तो पवनचक्क्यांवर फिटर आहे, सहा दिवस डोंगरावर, एक दिवस घरी. कस्तुरी नर्स, हॉस्पिटलात सहा वर्षं काढलेली. तिला तिकडं जायचं होतं. का म्हणाल तर तिला बघायचं होतं. "मामा, तिकडं समुद्र गोठतो म्हणे. त्याच्यावरनं चालत जातात." आमच्यात सून सासऱ्याला मामा म्हणते, पोपट 'आईचा भाऊ' म्हणाला असेल तर ते खोडा. एक वर्ष नीट काढलं की नवऱ्याला आणि पोरीला बोलावता येतं. पोरगी ओवी, तेव्हा साडेतीन वर्षांची.

नातलगाची परीक्षा माझ्यावर घ्यायला बंदी, म्हणून ती सोलापूरच्या केंद्रावर गेली. पहिल्यांदा सहासष्ट, दुसऱ्यांदा अडुसष्ट. तिसऱ्यांदा नापास झाली की कायमचं दार बंद.

मला कारण माहीत होतं. आणि मी सही करून बसलो होतो की मापाच्या माणसानं उमेदवाराला आतलं काही सांगायचं नाही. शिवाय खोटं कशाला बोलू, ती गेली की वर्षानं उमेश आणि ओवीपण जाणार, घरात मी एकटा, हाही हिशेब पोटात होता. दोन दिवस गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी ती भाकरी थापत होती आणि मधेच हात थांबवून हाताकडं बघत बसली. म्हणाली, "मामा, माझ्या हातातच काही खोट आहे का हो?"

तेव्हा सांगून टाकलं. घ्या लिहून, हा माझा पहिला गुन्हा.

तिला आधी खरं वाटेना. "मी कुठं थोपटते?" म्हणाली. आणि म्हणता म्हणता मांडीवरच्या ओवीला थोपटत होती.

सवय मोडायची कशी? मी एक युक्ती काढली. तिच्या पालथ्या हातावर एक सुपारी ठेवली. हात माझ्या दंडावरून फिरवायचा, सुपारी पडता कामा नये. हात उचलला की सुपारी गडगडत कपाटाखाली. पहिल्या दिवशी चाळीस वेळा पडली. रविवारी उमेश आला, त्यानं बघितलं आणि दारातच कपाळाला हात लावला.

"अण्णा, माझ्या बायकोला सुपारी देताय होय? कुणाला उडवायचंय?"

साहेब, थांबा. पोपट आत्ता काय म्हणाला? ते लिहू नका. आमच्याकडं खुनाचं काम देण्याला सुपारी देणं म्हणतात, त्याची ती थट्टा होती. नाहीतर तुम्ही आणखी एक कलम लावाल.

तीन आठवड्यांनी सुपारी पडायची थांबली. हात असा फिरायला लागला, जसा काही रुळावरनं जातोय. पण एक दुपार आठवते. ओवी झोपायला आली. कस्तुरी तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली, सावकाश, अगदी मापात. पोरगी कूस बदलते, पुन्हा बदलते. शेवटी उठून बसली आणि म्हणाली, "आई, हात चालू कर की."

आम्ही हसलो. कस्तुरीपण हसली. मग तिनं थोपटायला हात उचलला, आणि साहेब, तो वरच राहिला. खाली येईना. सुपारी नव्हती तरी तिचा हात सुपारी सांभाळत होता. तिनं माझ्याकडं बघितलं. मी पोरगी माझ्याकडं घेतली आणि मीच थोपटली.

तिसऱ्या वेळी एक्क्याऐंशी अंक पडले. गेली.

पाच महिने सगळं छान. पट्टी रोज हिरवी, म्हणजे ऊब-अंक सत्तरच्या वर. गोठलेल्या समुद्रावर उभी राहून तिनं फोन केला, ओवीला दाखवला. ओवी म्हणाली, "फोड की." तिच्या वाट्याला तिथं एक म्हातारा होता, आर्ने नावाचा. आर्ने आजोबा म्हणायची. जन्मभर मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळलेला माणूस. आता कोणाला ओळखत नव्हता. तुमच्याकडं थंडीत दुपारी तीनला तिन्हीसांज होते म्हणे. तीन वाजले की आजोबा कोट घालून दाराशी. दार उघडा, घरी जायचंय, आई वाट बघतेय.

ते वाढत गेलं. दोन दिवस म्हातारा जेवला नाही. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. इथं संध्याकाळ होती, मी ओवीला भात भरवत होतो.

"मामा, पट्टी हिरवी आहे. चौऱ्याऐंशी दाखवतेय. आणि आजोबा दाराला डोकं टेकून रडतायत."

"औषध?"

"देऊन झालं. यंत्रानं उचलून आणलं तर आणखी भितात. हात फिरवतेय मघापासून, सगळं मापात आहे मामा. त्यांना ते पोहोचतच नाही."

मी काय बोलायला पाहिजे होतं? वरिष्ठांना कळव, असं बोलायला पाहिजे होतं. मी म्हणलं, "पोरी, सुपारी टाकून दे."

ती म्हणाली, "मामा, पट्टी मोजते."

"मोजू दे."

"हात उचलेल का माझा?"

"ओवीला झोपवतेस असं समज."

तिनं फोन बंद केला नाही, बाजूला ठेवला. आधी काही नाही. मग मला ऐकू आलं. थप. मग बऱ्याच वेळानं थप. मग लागली एकसारखी. ओवी भाताचा घास तोंडात धरून ऐकत होती. म्हणाली, "आईचा हात चालू झाला."

एकोणीस मिनिटं. म्हातारा कोटासकट खुर्चीत झोपला. तासाभरानं उठला आणि दोन वाट्या सूप प्याला.

तर साहेब, तिला सांगणारा मी. हा दुसरा गुन्हा. मापाच्या माणसानं व्हिसावरच्या माणसाला स्पर्शाचा सल्ला दिला. माझी नोकरी आज जाईल, मला कळतंय. तात्याबा हंकारे, असं पूर्ण नाव लिहा.

पुढचं तुमच्याच कागदात आहे. पट्टीनं नऊशे चाळीस आघात मोजले. तुमच्या माणसांनी तिला बसवून विचारलं, तू मारलंस का? तीही बिचारी घाबरलेली, मराठीत बोलली, आणि मधे असलाच एक पोपट. तिचा जबाब मगदूम बाईंनी मला वाचून दाखवला. तिनं सांगितलं होतं, "मी आजोबांना हाक मारली, जवळ बसून गप्पा मारल्या, मिठी मारली, मग पाठीवर हळू थापा मारल्या." पोपटानं ते तुमच्या भाषेत असं नेलं, की तिनं म्हाताऱ्याला चार प्रकारे मारलं आणि चौथा प्रकार हळू होता!

आता ह्याला काय करायचं? आमच्या भाषेत सगळं मारतातच साहेब. शिट्टी मारतात, चक्कर मारतात, डुलकी मारतात. ज्याला खरंच मारायचं त्याला मात्र ठोकतात, बडवतात, कानाखाली काढतात. आणि थाप म्हणजे खोटं बोलणंसुद्धा. तेव्हा तुमच्या मनात आलं असेल, हा म्हातारा मघापासून थापाच मारतोय, तर तुमचाही दोष नाही.

म्हणून माझं बोलणं सोडा. आकडे बघा. हा मगदूम बाईंचा कागद. पट्टीनं आघात मोजले तशी प्रत्येकाची वेळही लिहून ठेवली आहे. दोन थापांच्या मधे किती वेळ? एक सेकंद आणि वर एक चिमूट. पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढाच. मी टेम्पो स्टँडवर जन्मभर मारामाऱ्या बघितल्यात. चार फटके दिले की माणूस दमतो, शिवी देतो, शर्ट सावरतो, पुन्हा पाच देतो. एकोणीस मिनिटं तालात मारणारा अजून मला भेटायचाय.

तरी बाई म्हणाल्या, ताल म्हणजे पुरावा नव्हे. मग त्यांनी मलाच खुर्चीत बसवलं आणि टोपी घातली. आधी मला भडकवलं. माझा जुना टेम्पो कोणी भंगारात घातला ते त्यांना ठाऊक आहे, तो विषय काढला. काळीज मिनिटाला चौऱ्याऐंशीवर गेलं. मग एका नर्सला थोपटायला सांगितलं.

आणि गंमत बघा. हळू तारा गप्पच! एक शब्द बोलल्या नाहीत. यंत्राच्या हिशेबानं मला काहीच मिळालं नाही. पण काळीज चौऱ्याऐंशीवरून खाली, सत्तर, सहासष्ट. श्वास अठराचा अकरा. बाई उठून उभ्याच राहिल्या.

"काका, हात मिनिटाला पन्नास थापा देतोय. तुमचं काळीज त्याच्यापुढं धावतंय. मग ते हळूहळू मागं वळून हाताची वाट बघायला लागतं. हा माझा अंदाज हं. आपण तारा मोजत बसलो आणि ताल मोजलाच नाही."

थोपटून झाल्यावर परत हात फिरवला. अंक पहिल्याइतकाच आला, पण दुप्पट वेळ टिकला. बाईंनी ते तीनदा करून बघितलं, पोरीसारख्या खूश झाल्या होत्या. मी म्हणलं, "झालं तर मग! पाठवा हे कमिटीला."

तशा त्या एकदम बसल्या. म्हणाल्या, "नाही चालणार. काका, तुमचं कातडं मिरजेचं आहे."

"म्हणजे?"

"तुम्हाला आईनं थोपटलंय, आजीनं थोपटलंय, तुम्ही लेकाला थोपटलंत. तुमचं काळीज शिकलेलं आहे. कमिटी विचारेल, ज्याला जन्मात कोणी थोपटलं नाही त्याला हे मारल्यासारखं वाटलं तर? त्यांचा प्रश्न बरोबर आहे. मलाही उत्तर माहीत नाही."

"आर्ने आजोबा झोपले की!"

"ते बोटीवरचे. जुन्या इंजिनाचा ठोकाही असाच पडतो. त्यांना कदाचित इंजिन ऐकू आलं असेल. एका माणसावरून नाही सांगता येत."

"मग तिकडची आणखी माणसं बघा."

"तिकडं थोपटून बघायची परवानगी मागितली तर तो माणसांवर आघाताचा प्रयोग ठरतो. मिळायला दोन वर्षं लागतील. आणि कस्तुरीच्या कागदावर तीन दिवसांनी सही आहे."

हे परवा झालं. तेव्हापासून आम्ही दोघं ह्याच कोड्यात बसलोय. खरं काय आहे? थोपटणं आईच्या पोटातून कळतं की शिकावं लागतं? आत असतो ना साहेब, तिथं आईचं काळीज डोक्यावर ठोके देत असतं. तसं असेल तर ते तुमच्याकडच्यालाही कळायला पाहिजे, आई तर सगळ्यांना असते. आणि शिकावं लागत असेल, तर कस्तुरी चुकली, मीही चुकलो, तुमचा नियम खरा. मी तसं तोंडानं म्हणीन. पण मला जाणून घ्यायचंय. नुसत्या सुनेसाठी नाही. आता ते कळल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आणि काल संध्याकाळी केंद्राला फोन आला, की चौकशीला तिकडचे एक साहेब जातीनं येतायत. मगदूम बाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. दोघांच्या डोक्यात एकच आलं, पण बोलायची छाती कोणाची होईना. शेवटी त्या म्हणाल्या, "काका, तुम्हीच विचारा. मी विचारलं तर तो संशोधनाचा अर्ज होतो."

तर मी विचारतो. मी अर्ज करणारा माणूस नाही. त्या बाहेर टोपी आणि चकती घेऊन उभ्या आहेत. तुमच्या मनगटावर तुमची सरकारी पट्टीपण आहे, ती काढू नका, तिला आघात मोजू दे, जेवढे मोजायचे तेवढे. हात माझाच आहे, टेम्पोवाल्याचा, जरा खरबरीत लागेल. एकोणीस मिनिटं थोपटीन. नको वाटलं तर मधेच हात वर करा, मी थांबेन, आणि कागदावर तसं लिहा, हा म्हातारा खोटा ठरला म्हणून. झोप लागली तर तेही लिहा.

कानातला पोपट तेवढा काढून ठेवा, ह्या कामाला तो लागायचा नाही. आणि साहेब, जरा कोट काढून पाठ इकडं करता का?